घरच्या चुलीवरचा पाव



पाव ही आपल्याकडे विकत आणायची वस्तू. सायकलला पत्र्याची पेटी बांधून पाववाला गावात येतो, पोरे त्याच्यामागे धावतात, आणि चहात बुडवून खाण्यापुरता पाव घरात येतो. भाकरी झाली म्हणजे स्वयंपाक झाला, पाव आणला तर शेजारीण विचारते, "का हो, आज चूल पेटली नाही वाटतं?" अशा घरात मी जेव्हा म्हणाले, की मी पाव घरीच भाजून बघते, तेव्हा लहानथोर सगळे हसले.

मला पाव शिकावा लागला तो सासूबाईंमुळे. त्यांचे उरलेसुरले दात एका उन्हाळ्यात काढावे लागले. कवळी बसायला हिरड्या भरून यायला हव्या होत्या. तोवर मऊ खा, असे डॉक्टरांनी सांगितले. पेज झाली, मऊभात झाला, लापशी झाली. महिन्याभरात त्या अन्नाला विटल्या आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर म्हणाले, दुधात पाव कुस्करून द्या. पण सासूबाईंनी उभ्या जन्मात पावाला बोट लावलेले नव्हते. "तो पायांनी मळतात," असे त्या म्हणायच्या. त्यामागे दुसरेही एक कारण होते, ते त्या बोलून दाखवीत नसत. शेवटी एका संध्याकाळी त्याच म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस ना? मग घरात कर. माझ्या डोळ्यांदेखत कर. मी खाईन."

ते दुसरे कारण आधी सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते अजून कुठेतरी कोपऱ्यात बसलेले असते. पाव हा शब्द पोर्तुगीज 'पांव' यावरून आला. त्या भाषेत त्याचा अर्थ भाकर. पायांनी मळतात म्हणून पाव, किंवा चार पाव जोडलेले असतात म्हणून पाव, ह्या नंतर जुळवलेल्या गोष्टी. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांना रोजच्या जेवणाला आणि देवळातल्या प्रार्थनेलाही गव्हाचा पाव हवा होता. गहू मिळाला, पण पाव फुगवायला लागणारे आंबवण इथे मिळेना. तेव्हा माडाची सूर, म्हणजे माडी, त्यांच्या कामी आली. माडीत आंबवणारे जंतू आपोआप असतातच. सासष्टी महालातल्या माजोर्डे गावच्या लोकांनी ही विद्या पहिल्यांदा उचलली असे गोव्यात सांगतात. पाव करणाऱ्याला तिथे पोदेर म्हणतात. पहाटे पोदेराचा भोंगा वाजला की गोव्याचा दिवस उगवतो. उंडो, पोळी, काकणां असे पावाचे कितीतरी प्रकार तिथे आहेत. आपण मळलेल्या कणकेच्या गोळ्याला उंडा म्हणतो, तेव्हा हा उंडो काही परका वाटायला नको. आता तिथेही बहुतेक भट्ट्यांत माडीऐवजी बाजारचे यीस्ट वापरतात. जुनी माणसे मात्र म्हणतात, की सुरेच्या पावाची चव वेगळी होती.

पण पाव परक्यांबरोबर आला, म्हणून तो खाल्ला की माणूस बाटला, अशी समजूत झाली. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या आहेत. शिक्षक बंधूंना दादोबा पांडुरंग हे नाव मराठीच्या व्याकरणामुळे माहीत आहे. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा काढली. जातिभेद मोडणे हा तिचा हेतू. सभेत येणाऱ्या नव्या माणसाने ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, अशी तिथली परीक्षा होती. आणि हे सगळे गुप्तपणे! पावाचा एक तुकडा खायला त्या काळी केवढी छाती लागत असेल, याचा विचार करा. पुढे १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा प्रसंग घडला. त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न सोडवावा लागला. तेव्हा आमच्या सासूबाईंना हसण्यात अर्थ नव्हता. त्यांच्यामागे शेदीडशे वर्षांचा धाक उभा होता.

तर मी पाव करायला बसले. तालुक्याहून सुक्या यीस्टची पुडी आणली. तिच्यावर लिहिले होते, की कोमट पाण्यात भिजवा. मला वाटले, गरम पाण्यात लवकर काम होईल. चुलीवरचे आधण घेतले, थोडे निवू दिले आणि पुडी त्यात ओतली. मैदा मळला, झाकून ठेवला. दोन तासांनी पाहिले तर गोळा होता तेवढाच. तरी भाजला. जे निघाले ते दगडावर आपटले असते तर दगडालाच टवका गेला असता. सासूबाईंनी ते हातात घेऊन पाहिले आणि काही न बोलता गुरांच्या पाटीत टाकले.

दुसऱ्या खेपेला पाणी कोमट घेतले, पण मैदा बाजारचा नको म्हणून घरच्या खपली गव्हाची कणीक वापरली. खपलीची खीर आमच्याकडे फार छान होते, मग पाव का होणार नाही? कणीक थोडी फुगलीही. पण भाजताना मधोमध बसली आणि आतून चिकट राहिली.

या दोन चुकांत पावाचे सगळे शास्त्र आले. म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबू.

यीस्ट म्हणजे बुरशीच्या कुळातला एकपेशीय जीव. डोळ्यांना दिसत नाही इतका लहान. सुक्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये त्याच्या अब्जावधी पेशी निजलेल्या असतात. ओल, ऊब आणि साखर मिळाली, की त्या जाग्या होतात, साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. सोबत थोडा मद्यार्कही तयार होतो, तो भाजताना बहुतेक उडून जातो. आंबण्याची क्रिया हे जिवंत जंतूंचे काम आहे, हे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या आपल्या संशोधनात दाखवून दिले. त्याआधी हजारो वर्षे माणसे पाव खात होती, पण तो का फुगतो हे त्यांना ठाऊक नव्हते. यीस्ट जिवंत आहे एवढे लक्षात ठेवले, की पुढचे सगळे समजते. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे ते मरते. मी आधणाच्या पाण्यात त्याला उकडून मारले होते. फार थंड पाण्यात ते मरत नाही, पण आळसते. पाणी कसे हवे? तान्ह्या बाळाचे दूध आपण मनगटावर थेंब टाकून पाहतो ना, तसे.

पुष्कळ भगिनी विचारतात, की आम्ही इडलीचे पीठ आंबवतो, दही विरजतो, मग पावात दही घातले तर चालणार नाही का? दह्यातले जंतू मुख्यतः आंबटपणा तयार करतात, वायू करण्याचे काम त्यांचे नव्हे. खाण्याचा सोडा वायू देतो, पण तो घाईचा. ढोकळ्याला तो पुरतो. पावाला मात्र तासन् तास हळूहळू वायू हवा, आणि त्या वेळात त्याला चवही यायला हवी.

आता गव्हाची गोष्ट. वायू तयार झाला तरी तो धरून ठेवायला पिशवी हवी. गव्हात अशी काही प्रथिने असतात, की पाणी घालून पीठ तिंबले म्हणजे त्यांचे रबरासारखे लवचीक जाळे तयार होते. त्याला ग्लुटेन म्हणतात. वायूचे बुडबुडे या जाळ्यात अडकतात आणि गोळा फुगतो. ज्वारी-बाजरीत हे जाळे नाही. म्हणून भाकरीचे पीठ उकळत्या पाण्यात मळावे लागते, आणि तरी कडा चिरतात. भाकरी तव्यावर फुगते ती वाफेने, आणि तेवढ्या पुरतीच. ज्वारीचा पाव यीस्टने फुगवू म्हणाल, तर ते होणे नाही. गव्हातसुद्धा सगळे गहू सारखे नाहीत. खपली आणि बन्सी यांचे जाळे पावाच्या दृष्टीने दुबळे. शेवया, रवा, खीर, लापशी यांना ते उत्तम. पावाला लोकवन किंवा सरबती चांगला, आणि सुरुवातीला अर्धाअधिक मैदा असावा. कोंड्याचे तुकडे जाळे तोडतात, म्हणून नुसत्या कणकेचा पाव चवीला खमंग पण अंगाने दडस होतो.

शिक्षकांसाठी इथे दोन प्रयोग आहेत. खर्च काहीच नाही. एक गोळा कणकेचा आणि एक गोळा ज्वारीच्या पिठाचा घ्या. कणीक चांगली तिंबून अर्धा तास ठेवा. मग दोन्ही गोळे पाण्याच्या भांड्यात हाताने चोळत धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. कुरडयांचा चीक मुलींनी घरी पाहिलेला असतो, त्या ओळखतील. कणकेचा चीक निघून गेला, की हातात च्युइंगगमसारखा पिवळट, ताणला जाणारा गोळा उरतो. ज्वारीच्या हातात काही उरत नाही. भाकरी आणि पावातला फरक मुलांच्या हातातच येतो!

दुसरा प्रयोग तीन बाटल्यांचा. तिन्हींत चमचाभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घाला. पहिलीत माठातले गार पाणी, दुसरीत कोमट, तिसरीत उकळते. तिसरी बाटली काचेची नसावी, तडकते. स्टीलचा अरुंद तोंडाचा तांब्या चालेल, आणि उकळते पाणी शिक्षकांनीच ओतावे. तोंडावर फुगे चढवून दोऱ्याने बांधा. तासाभरात कोमट बाटलीचा फुगा ताठ उभा राहील, गारवाला जेमतेम मान वर करील. उकळत्याचा वाफेने जरा हलला तरी पाणी निवल्यावर लोळतो आणि पुढे उठत नाही. माझ्या वर्गात एका मुलाने विचारले, "बाई, तिसऱ्यातलं यीस्ट झोपलंय का?" दुसऱ्याने उत्तर दिले, "नाही रे, बाईंच्या पहिल्या पावासारखं झालंय." गावात काही लपून राहत नाही.

आता कृती. अर्धा किलो पीठ घ्या. ३०० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम बारीक चाळणीने चाळलेली कणीक. सुके यीस्ट सपाट दीड चहाचा चमचा, साखर एक मोठा चमचा, मीठ सपाट दीड चहाचा चमचा, तेल दोन मोठे चमचे. पाणी सुमारे ३२५ मिलिलिटर, पण ह्यात पिठाप्रमाणे चमचा-दोन चमचे कमीजास्त होईल. चक्कीवरची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते.

अर्धी वाटी कोमट पाण्यात साखर विरघळवा, वरून यीस्ट भुरभुरा आणि दहा मिनिटे झाकून ठेवा. वर फेस आला, घमघमीत आंबूस वास सुटला, की यीस्ट जिवंत आहे. फेस आला नाही तर तिथेच थांबा. पुडी जुनी असेल किंवा पाणी चुकले असेल. त्यावर अर्धा किलो पीठ वाया घालवू नका. ही दहा मिनिटांची परीक्षा मी पहिल्या दिवशी केली असती, तर तो गोळा गुरांच्या पाटीत गेला नसता.

परातीत पीठ आणि मीठ कालवा, मध्ये आळे करा, फेसाळ पाणी आणि उरलेले कोमट पाणी घाला. मीठ थेट यीस्टवर टाकू नका. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवा. सुरुवातीला तो हाताला चिकटतो, आणि इथेच आपली बाई पिठाला हात घालते. घालू नका. तेलाचा हात घ्या आणि तिंबत राहा. तळहाताने पुढे ढकला, दुमडा, पुन्हा ढकला. चांगली दहा-बारा मिनिटे. पुरणपोळीची कणीक तिंबायची सवय असेल तिला हे अवघड नाही. लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळू ताणा. उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला, म्हणजे जाळे तयार झाले. सासूबाई शेजारी पाटावर बसून बघत होत्या. तिसऱ्या खेपेला त्यांना राहवले नाही. म्हणाल्या, "सर, तुझ्या हातात जोर नाही," आणि उरलेले त्यांनीच तिंबले.

गोळ्याला तेल चोळून, ओल्या फडक्याने झाकून उबेला ठेवा. घड्याळाकडे पाहू नका, गोळ्याकडे पाहा. वैशाखात पाऊण तासात दुप्पट होतो, पौषात दोन-अडीच तास लागतात. थंडीत विझत्या चुलीजवळ ठेवावा, पण ओट्यावर नको, खालून भाजला जाईल. दुप्पट झाल्यावर बोट खुपसून पाहा. खळगा तसाच राहिला तर वेळ झाली. फार वेळ ठेवलात तर जाळे थकते, गोळा आंबट होऊन बसतो. आता हलक्या हाताने वायू दाबून काढा, वळकटीसारखी गुंडाळी करा आणि तेल लावून पीठ भुरभुरलेल्या डब्यात सांधा खाली करून ठेवा. डबा अर्ध्याहून थोडा अधिक भरावा. पुन्हा झाकून पाऊण तास. गोळा डब्याच्या काठाला आला, की भाजायला घ्यायचा.

ज्यांच्याकडे विजेची भट्टी आहे त्यांनी ती २०० अंशांवर आधी तापवावी आणि ३० ते ३५ मिनिटे भाजावे. आपल्याला चुलीचीच गोष्ट करायची आहे. जाड बुडाचे, रुंद, जुने पातेले घ्या. त्यात दोन बोटे कोरडी, चाळलेली वाळू पसरा. वर तिवई किंवा उलटी वाटी ठेवा, म्हणजे डबा वाळूला टेकणार नाही. जड परात झाकून पंधरा-वीस मिनिटे तापू द्या. मग डबा आत ठेवा आणि परातीवर फुललेले निखारे पसरा. हे विसरू नका. वरून धग नसेल तर पाव खालून करपतो आणि वरून आजाऱ्यासारखा पांढरा राहतो. जुन्या बाया नानकटाई अशीच भाजीत. गॅसवर करणार असाल तर वर निखारे नसतात, म्हणून शेवटी पाव डब्यातून काढून उलटा करून पाचसात मिनिटे ठेवावा. प्रेशर कुकर ह्या कामाला घेऊ नये असे माझे मत आहे. कोणी घेतलाच तर रिंग आणि शिटी काढल्याशिवाय घेऊ नका.

पहिली वीस-पंचवीस मिनिटे झाकण उचलायचे नाही. पोरांना दूर पाठवा, कारण वास असा सुटतो, की तेच झाकण उचलतील. चुलीच्या आचेप्रमाणे ४० ते ५० मिनिटे लागतात. पाव काढून बुडावर बोटाच्या पेराने वाजवा. पिकलेल्या कलिंगडासारखा पोकळ आवाज आला तर झाला. ठस आवाज आला तर पुन्हा आत. मग चाळणीवर तासभर निवू द्या. गरम पाव कापला तर आतला लगदा सुरीला चिकटतो, आणि पाव कच्चा राहिला असा उगाच बोल लागतो.

आमचा तिसरा पाव एका बाजूला कलला होता. पण पोकळ वाजला. सासूबाईंनी तासभर वाट पाहिली, दोनदा हात लावून निवला का ते बघितले. पहिला काप मी दुधात कुस्करून त्यांच्यापुढे ठेवला. म्हणाले, "आई, खाऊन बघा." त्यांनी वाटी बाजूला सारली, कोरडाच काप घेतला आणि हिरड्यांनी दाबत दाबत खाल्ला. बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय. आणि उद्या थोडा मोठा कर, शेजारच्या काकूंनाही दाखवू." काकूंचेही दात गेलेले होते. त्यांच्या घरी पाव माझ्या हातून नको होता, तो सासूबाई स्वतः घेऊन गेल्या.

रोज करावा असा हा पदार्थ नाही. चार तास जातात आणि सरपण लागते. गावात चांगली, स्वच्छ बेकरी असेल तर खुशाल तिथून आणावा. पाव फुगवायला पूर्वी काही ठिकाणी घालीत ते पोटॅशियम ब्रोमेट आपल्या देशात २०१६ मध्ये बंद करण्यात आले, हेही सांगायला हवे. पण जिथे पाववाला आठवड्यातून दोनदाच येतो आणि तोही शिळा पाव देतो, तिथे घरात बाळंतीण, आजारी किंवा बिनदाताचे माणूस असताना ही विद्या हाताशी असलेली बरी.

घरचा पाव स्वच्छ फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला तर दोन दिवस चांगला राहतो. पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी बुरशी धरू शकतो. हिरवा-काळा ठिपका दिसला तर तेवढाच भाग खरवडून खाऊ नये, सगळा पाव टाकावा, कारण बुरशीचे तंतू आत न दिसता पसरलेले असतात. शीतकपाटात तो उलट लवकर कडक होतो. नुसता शिळा झालेला पाव मात्र फेकू नका. हाताने कुस्करा, मोहरी-हिंग-कांद्याची फोडणी करा, वर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. फोडणीच्या पोळीसारखाच लागतो. आमच्याकडे आता पोरे ताज्या पावापेक्षा त्याचीच वाट पाहतात आणि त्यासाठी पाव मुद्दाम लपवून ठेवतात.